कोंबड्यांखाली काय अंथराल? तूस, भुसा, टरफले आणि मध्ये येणारा पावसाळा

अंड्यावरची एक कोंबडी दिवसाला साधारण १०० ते १२० ग्रॅम विष्ठा टाकते आणि तिच्यात पाऊण भाग पाणीच असते. शेडमध्ये ५० कोंबड्या असतील तर रोज चार लिटरच्या आसपास पाणी जमिनीवर पडते, तेही भांड्यातून एक थेंब न सांडता. खाली तूस-भुशाची गादी घालायची ती या चार लिटरची सोय लावायला. गादीने पाणी धरून ठेवायचे नसते. थोडा वेळ आपल्यात घेऊन ते हवेवर सोडून द्यायचे असते. कुठला माल घ्यावा, किती जाड अंथरावा, कधी उलथावा हे सगळे यावरूनच ठरते.

पुढचे हिशेब १० बाय १० फुटांच्या शेडचे आहेत. गादी पद्धतीत मोठ्या कोंबडीला दोन चौरस फूट जागा लागते, म्हणजे या शेडमध्ये गिरिराज, वनराज किंवा गावठी अशा ५० कोंबड्या बसतात. साठ-सत्तर कोंबल्यात तर पुढचे काहीही पाळून उपयोग नाही. तेवढी ओल कुठलीच गादी सुकवू शकत नाही.

आधी जमीन आणि छप्पर

तूस आणण्यापूर्वी एक रात्र खर्च करा. रिकाम्या शेडमध्ये जमिनीवर दोन-अडीच फुटांचा प्लॅस्टिकचा तुकडा पसरा, चारी कडांवर विटा ठेवा आणि सकाळी उलटून बघा. खालच्या बाजूला दव धरले असेल तर जमिनीतून ओल वर येते आहे. अशा जमिनीवर घातलेली गादी वरून कोरडी दिसते आणि तळातून सडते. कोबा केलेला असेल तर प्रश्न नाही. मातीची जमीन असेल तर मुरूम टाकून, चोपून ती बाहेरच्या जमिनीपेक्षा फूट-दीड फूट उंच करून घ्या. नुसत्या शेणाने सारवलेल्या जमिनीवर उन्हाळा निभावतो, आषाढात ती हमखास ओल धरते. पैसे कमी असतील तर मुरमाखाली जाड प्लॅस्टिक घालून वर विटांचा एक थर बसवा. प्लॅस्टिक थेट गादीखाली घालू नका, कोंबड्या उकरून दोन दिवसांत त्याच्या चिंध्या करतात.

छपराची वळचण भिंतीबाहेर निदान तीन फूट हवी. जाळीवरचे पडदे वरून गुंडाळून खाली सोडायचे नसतात. ते खालून वर ओढायचे आणि वर फूटभर फट कायम उघडी ठेवायची. पावसात लोक पडदा पार वरपर्यंत ओढून बांधतात, पाणी आत येत नाही म्हणून खूश होतात आणि चार दिवसांनी आत शिरले की डोळे चुरचुरतात. बाहेर जायची वाट नसलेली वाफ परत गादीतच मुरते.

कुठला माल घ्यावा

भात पिकवणाऱ्या भागात असाल, म्हणजे कोकण, मावळ, इगतपुरी, भंडारा, गोंदिया, गडचिरोली, तर भाताचे तूस घ्या आणि फार विचार करू नका. तूस पाणी कमी शोषते, पण लवकर सुकते, हलके असते, लगेच पापडी धरत नाही आणि उलथायला सोपे जाते. घेताना मात्र एक गोष्ट नीट बघा. गिरण्या दोन प्रकारच्या असतात. रबरी रोलरच्या शेलर गिरणीत तूस वेगळे आणि कोंडा वेगळा निघतो. जुन्या हलरमध्ये तूस, कोंडा आणि कणी सगळे एकत्र बाहेर येते, आणि गिरणीवाला त्यालाही ‘भुसा’च म्हणतो. हा मिश्र माल गादीला चालत नाही. कोंड्यात तेल असते, तो ओलीत कुबट होतो, त्याला बुरशी लागते, किडे होतात आणि कोंबड्या खाद्य सोडून तोच चिवडत बसतात. ओळखायचे कसे? मूठभर माल तळहातावर चोळून खाली टाका. हाताला पिवळसर, किंचित तेलकट भुकटी चिकटून राहिली तर त्यात कोंडा आहे. निव्वळ तूस हाताला टोचते आणि झटकले की पडून जाते.

गिरणीमागे उघड्यावर पडलेल्या ढिगाच्या तळाचे तूस फुकट मिळाले तरी नको. पोत्यात कोपरापर्यंत हात घाला. आत गरम लागले किंवा मातकट वास आला तर ते पोते परत द्या. ते खत म्हणून उत्तम, गादी म्हणून घातक.

लाकडाचा माल घ्यायचा तर रंध्याची सालपटे घ्या. करवतीचा बारीक भुसा शक्यतो टाळा. सालपटे शोषतातही आणि सुकतातही, गुणाने ती तुसापेक्षा सरसच. अडचण मिळण्याची आहे, आणि मिळालेल्या मालात काय आहे याची. फर्निचरच्या कारखान्यातल्या भुशात हल्ली प्लाय आणि एमडीएफचा चुरा जास्त असतो. त्यातला डिंक आणि पिठासारखी धूळ पक्ष्यांच्या श्वासात जाते. वखारीतला ताजा भुसा ओल्या लाकडाचा असतो, ढीग करून ठेवला की आतून तापतो. तो घेतलाच तर उन्हात पातळ पसरून दोन दिवस वाळवा. बारीक भुसा लहान पिल्ले खाद्य समजून टिपतात आणि गळ्याखालची अन्नाची पिशवी त्याने गच्च होते. तीन आठवड्यांच्या आतल्या पिल्लांखाली तो नकोच. दोन भाग तूस आणि एक भाग सालपटे हे मिश्रण जमले तर त्याहून चांगली गादी सहसा सापडत नाही.

भुईमुगाची टरफले खानदेश, सातारा, सोलापूरकडे मिळतात. दोन अटींवर चालतात. एक म्हणजे ती भरडलेली हवीत. अख्खे टरफल होडीसारखे असते, त्यात पाणी साठून राहते. दुसरे, शेंगा यंत्रात फोडण्यापूर्वी दाणे फुटू नयेत म्हणून त्यांवर बऱ्याचदा पाणी मारतात, त्यामुळे टरफले पोत्यात भरतानाच दमट असतात. भुईमूग आणि बुरशी यांची जुनी सोयरीक आहे. टरफलावर हिरवट-काळा ठिपका दिसला तर सगळा लॉटच नाकारा.

उसाचे चिपाड साखर कारखान्यांच्या पट्ट्यात स्वस्त वाटते, पण त्यात राहिलेल्या साखरेने ते ओले झाले की आंबते. कडक वाळवलेले, बारीक केलेले असेल तर उन्हाळ्यात कोंबड्यांची एखादी बॅच निघते. पावसाळ्यात नको. गव्हाचे काड, सोयाबीनचे कुटार, भाताचा पेंढा लांबच्या लांब अंथरला तर त्याची चटई बनते, वरून विष्ठेचा थर बसतो आणि खाली हवा जात नाही. इंच-दीड इंचाचे तुकडे करून तुसात एक चतुर्थांशपर्यंत मिसळायला हरकत नाही. कडबा कुट्टी गुरांनाच घाला. नारळाच्या काथ्याचा भुसा आपल्या वजनाच्या कितीतरी पट पाणी पितो, म्हणून नवख्यांना तो आदर्श वाटतो. पण प्यालेले पाणी तो सोडत नाही. सगळीकडे न अंथरता पाण्याच्या भांड्याखाली एखादी पाटी ठेवायला तो बरा, आणि ती पाटी आठवड्याने बदलायची.

दुसऱ्याच्या शेडमधली वापरलेली गादी, अगदी ‘एकच बॅच झाली आहे’ म्हणून दिलेली, आणू नका. पोल्ट्रीतून आलेली रिकामी पोतीही नकोत. २००६ च्या फेब्रुवारीत नंदुरबारमधल्या नवापूरला देशातला पहिला बर्ड फ्लू निघाला. अशा साथीत पक्ष्यांबरोबर शेडमधले खाद्य आणि गादीही नष्ट करावी लागते, कारण विष्ठेतून विषाणू तिच्यात उतरलेला असतो.

किती लागेल

मोठ्या कोंबड्यांसाठी सुरुवातीचा थर चार इंचांचा. १०० चौरस फुटांवर चार इंच म्हणजे ३३ घनफूट, जवळपास ९४० लिटर. तांदळाच्या ५० किलोच्या पोत्यात ६५ लिटरच्या आसपास तूस मावते आणि त्याचे वजन सहा-सात किलोच भरते. म्हणजे १४-१५ पोती. तूस दबते, म्हणून १६ आणा. गिरणीवाल्याचे पोते केवढे आहे याची खात्री नसेल तर एक पोते २० लिटरच्या बादलीने मोजून घ्या. पोत्यांच्या नुसत्या संख्येवर सौदा केला की चार पोती कमी पडतात.

वरची भर म्हणून पावसाळ्यासाठी आणखी १० पोती मे महिन्यातच आणून ठेवा. जुलैत कोरडे तूस मिळत नाही, आणि मिळाले तरी गाडीवर भिजत येते. पोती फळ्यांवर, भिंतीपासून वीतभर सोडून रचा. भिंतीला टेकलेले पोते ओलही ओढते आणि उंदरांनाही आडोसा होतो.

अंथरणे

जमीन झाडून, धुऊन पूर्ण वाळू द्या. त्यावर विरलेल्या चुन्याचा पातळ थर भुरभुरवा आणि एक-दोन दिवस तसाच राहू द्या. मग तूस एका टोकाकडून ओतत दंताळ्याने सपाट करत या. भिंतीवर चार इंचांवर खडूने रेघ मारून ठेवली तर अंदाज चुकत नाही. कोपरे चढते ठेवा, कारण घाबरली की पिल्ले आणि तलंगा (अजून अंड्यावर न आलेल्या कोंबड्या) कोपऱ्यातच गर्दी करतात आणि खालची चिरडतात.

पुढे दर दोन-तीन आठवड्यांनी इंचभर नवे तूस वर घालत गेलात की सहा महिन्यांत गादी आठ इंचांपर्यंत येते. हळूहळू तिच्यात जिवाणूंचे काम सुरू होते, विष्ठा कुजते, आतून किंचित ऊब येते आणि वास मातीसारखा होतो. हे काम बसायला साधारण दोन महिने लागतात आणि तेवढे दिवस हवा कोरडी हवी. म्हणून नवी गादी घालण्याचा योग्य काळ दिवाळीनंतर ते फेब्रुवारी. जूनमध्ये घातलेली गादी कुजायला लागण्याआधीच भिजते. ‘तूस चांगले नव्हते’ अशी तक्रार करणाऱ्या बहुतेकांची गादी जूनमध्येच घातलेली असते.

पिल्लांची गोष्ट वेगळी. त्यांना दोन इंच पुरे, पण तूस नवेकोरेच हवे. ५० पिल्लांसाठी पाच फूट व्यासाचा आणि दीड फूट उंच पत्र्याचा किंवा पुठ्ठ्याचा गोल करा, आत तूस आणि त्यावर पहिले तीन दिवस कागद. गुळगुळीत वर्तमानपत्रावर पिल्लांचे पाय घसरून फाकतात आणि ते मग नीट होत नाहीत. खरखरीत किंवा नळीदार पुठ्ठा वापरा. वर्तमानपत्रच असेल तर त्याचे चार-पाच थर घाला आणि रोज वरचा एक काढत जा. पिल्ले येण्याच्या एक दिवस आधी बल्ब लावून गादी तापवून ठेवा. हवा गरम आणि खालचे तूस गार असेल तर पिल्लू पायांतून थंडी घेते आणि एका जागी गोळा होऊन बसते. बल्ब साखळीने किंवा सुतळी-तारेने स्वतंत्र टांगा, त्याच्या वायरवर लटकवू नका. सुटून तुसावर पडलेल्या बल्बाने शेड पेटायला वेळ लागत नाही.

रोजचे बघणे

गादीची परीक्षा मुठीने करायची. पाण्याच्या भांड्याजवळून, बसायच्या दांडीखालून आणि शेडच्या मधोमध अशी तीन ठिकाणांहून मूठभर गादी घ्या आणि घट्ट आवळून मूठ उघडा. लाडू वळला आणि तसाच राहिला तर ओल जास्त आहे. वळलाच नाही, बोटांतून धुरळा उडाला तर फार कोरडी. वळल्यासारखा होऊन हलवताच फुटला तर बरोबर. दुसरी परीक्षा नाकाची, पण उभ्याने घेऊ नका. उकिडवे बसा, नाक कोंबडीच्या डोक्याच्या उंचीवर आणा आणि मिनिटभर थांबा. अमोनिया तिथे साठतो. डोळे चुरचुरले तर कोंबड्या रात्रभर त्यातच श्वास घेत आहेत असे समजा, आणि पुढची पायरी सर्दी-खोकल्याची असते.

कोरड्या दिवसांत आठवड्यातून दोनदा आणि पावसात रोज गादी उलथा. दुपारी, पडदे उघडे असताना, कोंबड्या बाहेर सोडून, दंताळे तळापर्यंत घालून. संध्याकाळी उलथली तर सुटलेला वायू रात्री आतच कोंडतो. मोठ्या कोंबड्यांकडून निम्मे काम करून घेता येते. दुपारी मूठ-दोन मुठी ज्वारी किंवा कणी गादीवर फेका, त्या तासभर उकरत राहतात. ब्रॉयलरकडून मात्र ही अपेक्षा ठेवू नका, तो बसल्या जागेवरून हलत नाही.

ओल्या जागांचे नकाशे जवळपास सगळ्या शेडमध्ये सारखेच निघतात. पाण्याच्या भांड्याभोवती एक गोल असतो. भांडे कोंबडीच्या पाठीच्या उंचीवर विटांवर ठेवा, खाली जाळीची चौकट द्या म्हणजे सांडलेले पाणी पायाखाली येणार नाही, आणि भांडे काठोकाठ भरू नका. दुसरा पट्टा जाळीच्या कडेने, झडीचा. तिसरा दांडीखाली. गावठी कोंबड्या रात्रभर दांडीवर बसतात आणि बरीचशी विष्ठा तिथेच टाकतात. दांडीखाली वीतभर अंतरावर पत्रा किंवा फळी ठेवून ती रोज सकाळी खरवडली तर गादीवरचा भार खूपच उतरतो. या साऱ्या यादीतले सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात कमी केले जाणारे काम हेच.

बिघडली तर

वर काळपट, चकचकीत पापडी धरली असेल तर ती फोडून आत मिसळू नका. फावड्याने उचलून बाहेर काढा आणि तिथे कोरडे तूस भरा. मिसळली की ओल सगळीकडे पसरते.

ओल्या गादीवर चुना टाका, हा सल्ला सर्रास मिळतो. चुना ओल घेतो हे खरे, पण विष्ठेत पडला की साठलेला अमोनिया एकदम मोकळाही करतो. पक्षी आत असताना ओल्या गादीवर चुना पसरला तर त्या रात्री शेडमध्ये उभे राहवत नाही. चुना टाकायचाच तर ओली गादी काढून उघड्या पडलेल्या जमिनीवर टाका आणि वरून तूस घाला. वास मारायला सुपर फॉस्फेट हे शेतीचे खत बरे. ते आम्लधर्मी असल्याने अमोनिया धरून ठेवते. १०० चौरस फुटांना किलोभर, गादीत नीट मिसळून, वरून नव्या तुसाचा थर, म्हणजे कोंबड्या खताचे दाणे टिपणार नाहीत.

ओल्या आणि उबदार गादीचे सगळ्यात महाग पडणारे फळ म्हणजे रक्ती हगवण, कॉक्सिडिओसिस. तिच्या जंतूची अंडी विष्ठेतून पडतात आणि ओल, ऊब, हवा मिळाली की एक-दोन दिवसांत लागण करण्याजोगी होतात. तीन ते सहा आठवड्यांची पिल्ले सगळ्यात आधी सापडतात. पंख पाडून बसलेले पिल्लू आणि गादीवर तांबूस विष्ठा दिसली तर त्याच दिवशी पशुवैद्यकाकडून औषध घ्या. पण गादी ओली तशीच राहिली तर औषध संपल्यावर रोग परत येतो. बुरशी लागलेल्या तुसाची खूण निराळी: पिल्ले चोच उघडी टाकून धापा टाकतात, पण सर्दीसारखा घरघर आवाज येत नाही. ती गादी सबंध उचलावी लागते. मोठ्या कोंबडीच्या तळपायाला कडक काळा डाग किंवा गाठ आली तर गादी टोचरी तरी आहे किंवा कायम ओली तरी.

उन्हाळ्यात विदर्भ-मराठवाड्यात उलटी तक्रार असते, धुळीची. फवारणी पंपाने अगदी हलका शिडकावा करून गादी उलथली की भागते.

बाहेरचे आवार आणि अंड्यांची खोकी

उघड्या आवारात तूस टाकणे म्हणजे पहिल्या सरीबरोबर ते गटारात पाठवणे. आवाराला आधी उतार द्या, दहा फुटांना दोन-तीन इंच. वरची चार इंच माती काढून तळाला मुरूम किंवा बारीक खडी आणि वर जाडसर वाळू. क्रश सँड धुतलेली असेल तरच घ्या, नाहीतर तिच्यातली भुकटी भिजून सिमेंटसारखी बसते. कोकणात नारळाच्या सोडणांचे तुकडे वाळूवर टाकले तर चिखल पायाला लागत नाही. झाडांचा वाळका पाला कुठेही चालतो. तो कुजला की दंताळ्याने ओढून खतात टाकायचा आणि नवा घालायचा. छपराखालचा एक कोपरा राख आणि कोरड्या मातीचा ठेवा, कोंबड्या त्यात लोळून पिसांतल्या उवा झाडतात.

अंड्यांच्या खोक्यात तूस टिकत नाही, कोंबडी बसण्यापूर्वी पायांनी सगळे बाहेर उडवते. फूटभर लांब-रुंद खोक्याला चार बोटे उंच पट्टी लावा आणि आत भाताचा मऊ पेंढा तुकडे करून घाला. पाच कोंबड्यांना एक खोके. पेंढा आठवड्याने बदला, खुडूक बसली असेल तर पिल्ले निघाल्याबरोबर सगळा जाळा.

गादी काढताना

वर्षाने, किंवा बॅच संपल्यावर, गादी पूर्ण उचला. जमीन खरवडा, धुवा, वाळवा, भिंतींना चुन्याची सफेदी करा आणि निदान दोन आठवडे शेड रिकामी ठेवा. निघालेल्या गादीत नत्र साधारण तीन टक्के, स्फुरद आणि पालाश दोन-दोन टक्क्यांच्या घरात असते, म्हणून ती उकिरड्यावर फुकट घालवू नका. पण ताजी झाडाच्या बुंध्याशी टाकली की मुळे भाजतात. शेडपासून लांब, खालच्या अंगाला ढीग करा, थोडे पाणी मारा, ताडपत्री झाका, दर पंधरा दिवसांनी वरखाली करा. दोन-अडीच महिन्यांनी ढिगात हात घातला आणि ऊब लागली नाही, वास पहिल्या पावसाच्या मातीसारखा आला, की ते आंब्याला, नारळाला, मिरचीला घालायला तयार झाले. तुसाचे अख्खे दाणे तेव्हाही दिसतील. तूस सावकाश कुजते, तेवढ्यासाठी थांबायचे कारण नाही.